दरोडेखोर माश्यांच्या निकटच्या प्रजातींची ओळख

दरोडेखोर माश्या (रॉबर फ्लाय) या द्विपंखी गणातील असिलिडी कुलाच्या शिकारी माश्या होत. या कुलातील निकटच्या, म्हणजे एकाच वंशातील आणि वरवर सारख्या दिसणाऱ्या, प्रजाती शारीरिक लक्षणांवरून वेगळ्या ओळखणे हा कीटकशास्त्रातील कठीण विषयांपैकी एक मानला जातो. जगभरात या कुलाच्या ७,५०० हून अधिक प्रजातींचे वर्णन झाले आहे. त्यांपैकी अनेक प्रजातींचे रंग, आकार व सवयी इतक्या सारख्या असतात की केवळ दर्शनी रूपावरून केलेली ओळख चुकण्याची शक्यता असते. विश्वासार्ह ओळखीसाठी पायांचे रंग, चेहऱ्यावरील केस, पंखांतील शिरांची मांडणी, मादीचा अंडनिक्षेपक आणि नराचे जननांग ही लक्षणे तपासली जातात. मात्र ही सर्व लक्षणे सर्वत्र सारखीच उपयोगी पडत नाहीत. एका वंशात निर्णायक ठरणारे लक्षण दुसऱ्या वंशात निरुपयोगी ठरू शकते. या लेखात उत्तर अमेरिकेतील प्रोमॅकस, लॅफ्रिया आणि एफेरिया या तीन वंशांच्या उदाहरणांतून हा फरक स्पष्ट केला आहे.

कुलाची सामान्य लक्षणे

प्रजातीपर्यंत पोहोचण्यापूर्वी माशी असिलिडी कुलातीलच आहे याची खात्री करावी लागते. या माश्यांचे दोन मोठे संयुक्त नेत्र डोक्याच्या वर उंचावलेले असतात आणि त्यांच्यामध्ये खोलगट भाग असतो. या खोलगट भागात तीन साधे नेत्र असतात. चेहऱ्यावर, सोंडेच्या वरच्या बाजूस, राठ केसांचा झुबका असतो. त्याला 'मायस्टॅक्स' म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ मिशी असा होतो. धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहऱ्याचे रक्षण करण्यास ही मिशी उपयोगी पडत असावी, असे मानले जाते. सोंड आखूड, कडक व टोकदार असते. तिच्यातून भक्ष्याच्या शरीरात लाळ सोडली जाते. लाळेतील द्रव्यांमुळे भक्ष्य निश्चेष्ट होते व त्याच्या शरीरातील ऊती विरघळतात, आणि हा द्रव माशी शोषून घेते. पाय बळकट व काटेरी असून उडणारे कीटक हवेतच पकडण्यास उपयोगी पडतात.

या कुलातील काही माश्या गांधीलमाश्या, मधमाश्या किंवा भुंग्यांसारख्या दिसतात. मात्र मधमाश्या व गांधीलमाश्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. दरोडेखोर माशीला, इतर सर्व द्विपंखी कीटकांप्रमाणे, पंखांची एकच जोडी असते आणि मागील पंखांच्या जागी गदेसारखे छोटे संतोलक असतात.

'फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये स्थापलेले कुल' अशी असिलिडीची नोंद केली जाते. त्याच्या अंतर्गत विभागणीत वेळोवेळी बदल झाले आहेत. टॉर्स्टन डिकोव यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ उपकुले मान्य केली आहेत.

ओळखीसाठी तपासले जाणारे अवयव

शृंगिका: शृंगिकेच्या टोकाची रचना प्रामुख्याने वंश ठरवण्यास उपयोगी पडते. ओमेटियस वंशात शृंगिकेचे टोक पिसासारखे केसाळ असते. मॅलोफोरा वंशात ते बारीक केसासारखे असते, तर लॅफ्रिया वंशात असे बारीक टोक नसून शेवटचा भाग जाडसर असतो. मॅलोफोरा आणि लॅफ्रिया या दोन्ही वंशांतील अनेक प्रजाती भुंग्यांसारख्या पिवळ्या-काळ्या व केसाळ दिसतात. अशा वेळी रंगापेक्षा शृंगिका अधिक भरवशाची ठरते.

मिशी व चेहऱ्यावरील केस: मिशीचा रंग, तिच्यातील काळ्या व फिकट केसांचे प्रमाण आणि ती चेहऱ्याचा किती भाग व्यापते हे पाहिले जाते. हे लक्षण छायाचित्रातही दिसू शकते. मात्र त्यासाठी समोरून किंवा बाजूने काढलेले छायाचित्र आवश्यक असते.

वक्ष: पाठीवरील गडद पट्टे, राखी चूर्णासारखा लेप आणि राठ केसांच्या रांगा यांची नोंद घेतली जाते. वक्षाच्या मागील टोकाशी असलेल्या लहान त्रिकोणी ढालीच्या कडेवर किती राठ केस आहेत, हे काही वंशांत मोजले जाते.

पंख: शिरांमुळे पंखावर तयार होणारे कक्ष हे वंश ओळखण्याचे सर्वांत स्थिर साधन होय. प्रोमॅकस वंशात पंखाच्या पुढील कडेजवळ तीन उपसीमा कक्ष असतात. बहुसंख्य वंशांत ते दोनच असतात. शिरांची मांडणी वयानुसार किंवा नमुना वाळल्यावर बदलत नाही, म्हणून जुन्या संग्रहातील नमुन्यांतही ती वापरता येते.

पाय: ऊर्विका (मांडी) आणि जंघा (नडगी) यांचे रंग, त्यांवरील काटे आणि पावलांच्या टोकांवरील गाद्या ही महत्त्वाची लक्षणे आहेत. सडपातळ शरीराच्या लेप्टोगॅस्टर वंशात पावलांच्या टोकांवर अशा गाद्या नसतात. डॅसिपोगोनिनी उपकुलातील अनेक माश्यांच्या पुढच्या नडगीच्या टोकाशी वाकडा काटा असतो.

उदर व त्याचे टोक: उदराच्या वलयांवरील पट्टे चटकन नजरेत भरतात, परंतु प्रजाती वेगळ्या करण्यास ते बहुधा अपुरे असतात. मादीचा अंडनिक्षेपक कधी आखूड, कधी तलवारीसारखा लांब व दोन्ही बाजूंनी चपटा असतो. नराचे जननांग हे सर्व अवयवांमध्ये सर्वाधिक निर्णायक समजले जाते. निकटच्या प्रजातींमध्ये बाकीचे शरीर जवळजवळ सारखे असतानाही त्याच्या भागांचे आकार स्पष्टपणे वेगळे असू शकतात.

प्रोमॅकस: पायांचा रंग निर्णायक

प्रोमॅकस हा वंश लोव यांनी १८४८ मध्ये स्थापला. यातील माश्या मोठ्या असतात आणि काहींची लांबी तीन सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून अधिक भरते. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात यातील तीन प्रजाती वारंवार एकमेकींशी गल्लत होणाऱ्या आहेत: प्रोमॅकस रूफिपेस, प्रोमॅकस व्हर्टेब्रेटस आणि प्रोमॅकस हाइनी. तिघींच्या उदरावर वाघासारखे पिवळसर व काळे आडवे पट्टे असतात. तिघींची ठेवणही सारखीच असते. तिघीही उन्हाळ्यात मोकळ्या, गवताळ जागी दिसतात आणि काही प्रदेशांत त्यांची क्षेत्रे एकमेकांवर येतात. त्यामुळे केवळ ठिकाणावरून प्रजाती ठरवता येत नाही.

या तिघींना वेगळे करण्यासाठी मांडी व नडगी यांच्या रंगांची तुलना केली जाते.

१. प्रोमॅकस रूफिपेस: मांड्या काळ्या व नडग्या तांबूस. दोन्ही रंगांतील विरोध ठळक असतो.
२. प्रोमॅकस व्हर्टेब्रेटस: मांड्या व नडग्या जवळजवळ एकाच पिवळसर-तपकिरी छटेच्या.
३. प्रोमॅकस हाइनी: मांड्या दुरंगी. त्यांवर गडद व तांबूस असे दोन्ही भाग दिसतात.

या प्रजातींची नावे ओळखीस मदत करण्याऐवजी काही वेळा दिशाभूल करतात. 'रूफिपेस' या लॅटिन नावाचा अर्थ तांबड्या पायांची असा आहे. परंतु तांबूस छटा इतर दोन प्रजातींच्या पायांवरही असते, आणि रूफिपेसला वेगळे पाडणारे लक्षण तांबडी नडगी नसून काळी मांडी हे आहे. इंग्रजीतही ही प्रजाती तांबड्या पायांच्या नावानेच प्रसिद्ध आहे. त्यामुळे पट्टेदार उदर आणि तांबूस पाय दिसताच तिचे नाव दिले जाण्याची चूक सहज घडते.

या तीन प्रजातींना शास्त्रीय नावे मिळण्यास दीड शतक लागले. रूफिपेसचे वर्णन फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये केले, तर व्हर्टेब्रेटसचे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ थॉमस से यांनी १८२३ मध्ये. ओहायोतील कीटकशास्त्रज्ञ जेम्स हाइन यांनी १९११ मध्ये प्रोमॅकस व प्रॉक्टाकँथस या वंशांतील माश्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर २० वर्षांनी, १९३१ मध्ये, ब्रॉम्ली यांनी तिसऱ्या प्रजातीचे वर्णन करून तिला हाइन यांचे नाव दिले. याचा एक परिणाम असा की १९३१ पूर्वीच्या लेखनातील व संग्रहांतील जुनी नावे आजच्या अर्थाने तशीच स्वीकारता येत नाहीत. मूळ नमुना उपलब्ध असल्यास त्याचे पाय पुन्हा तपासावे लागतात.

प्रोमॅकस वंशातील अनेक प्रजातींच्या नरांमध्ये उदराच्या टोकाशी पांढऱ्या केसांचा ठळक झुबका असतो. नवख्या निरीक्षकास तो वेगळ्या प्रजातीचे चिन्ह वाटू शकतो. प्रत्यक्षात तो बहुधा माशी नर असल्याचे दाखवतो. त्याच प्रजातीच्या मादीत उदराचे टोक निमुळते असते आणि तेथे असा झुबका नसतो.

लॅफ्रिया: मिशी व केसांचा रंग

लॅफ्रिया वंशातील अनेक माश्या जाडजूड, केसाळ आणि भुंग्यांसारख्या दिसणाऱ्या असतात. त्यांच्या अळ्या कुजणाऱ्या लाकडात वाढतात, त्यामुळे प्रौढ माश्या जंगलात व जंगलाच्या कडेने पडलेल्या ओंडक्यांजवळ आढळतात. पूर्व अमेरिकेतील लॅफ्रिया थोरॅसिका व लॅफ्रिया फ्लॅव्हिकोलिस या दोन प्रजातींच्या वक्षावर पिवळे केस असतात. दुरून पाहता त्या सारख्याच वाटतात.

येथे पायांचा रंग फारसा कामास येत नाही, कारण दोन्ही माश्यांचे पाय गडद असतात. अशा वेळी मिशीकडे लक्ष दिले जाते. थोरॅसिकाची मिशी काळी असते, तर फ्लॅव्हिकोलिसच्या चेहऱ्यावर फिकट पिवळ्या केसांचे प्राबल्य असते. उदरावरील केसांचा रंग मात्र जपून वापरावा लागतो. थोरॅसिकाच्या उदरावर पिवळ्या केसांचे प्रमाण माशीगणिक कमी-अधिक असते. म्हणून केवळ उदराच्या पिवळेपणावर आधारलेली ओळख टिकत नाही.

या वंशातील नरांच्या जननांगाची तपासणी करताना आणखी एक अडचण येते. त्यांचे जननांग शरीराच्या अक्षाभोवती १८० अंशांपर्यंत फिरलेले असते, म्हणजे मूळची वरची बाजू खाली व खालची बाजू वर आलेली असते. ही गोष्ट लक्षात न घेता इतर वंशांच्या आकृत्यांशी तुलना केल्यास भागांची अदलाबदल होते.

एफेरिया: रंग अपुरा पडतो

एफेरिया हा उत्तर अमेरिकेतील सर्वाधिक प्रजातीसंख्या असलेल्या वंशांपैकी एक आहे. रखरखीत, वालुकामय व विरळ गवताच्या प्रदेशांत त्याच्या अनेक प्रजाती एकत्र आढळतात. वंश ओळखणे तुलनेने सोपे असते. पंखातील एका शिरेला लहान खुंटासारखा फाटा असतो, नराच्या उदराची शेवटची वलये बहुधा चंदेरी-पांढरी असून जननांग मोठे व फुगीर असते, तर मादीचा अंडनिक्षेपक लांब व चपटा असतो. परंतु राखी-तपकिरी रंगाच्या या माश्यांमध्ये प्रजाती ठरवणे अत्यंत अवघड जाते.

जोसेफ विल्कॉक्स यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोच्या उत्तरेकडील एफेरियांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला आणि शंभराहून अधिक प्रजातींची विभागणी अनेक प्रजातिगटांत केली. या मांडणीत राठ केसांची ठेवण, अंडनिक्षेपकाचे प्रमाण आणि नर जननांगाचा आकार अशा लक्षणांचा आधार घेतला आहे. पुढे आर्टिगास व पापावेरो यांनी नव्वदच्या दशकात या वंशाचे अनेक स्वतंत्र वंशांत विभाजन सुचवले. ही विभागणी सर्वच अभ्यासकांनी स्वीकारलेली नाही, त्यामुळे एकाच माशीची नोंद दोन वेगवेगळ्या वंशनामांनी आढळू शकते. अशा नोंदींमध्ये नावातील फरक हा ओळखीतील मतभेद नसून वर्गीकरणातील मतभेद असतो.

एफेरियांच्या बाबतीत पाठीवरून काढलेले स्वच्छ छायाचित्रही बहुधा वंशापर्यंत किंवा प्रजातिगटापर्यंतच नेते. पुढील ओळखीसाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक ठरते.

फसवी लक्षणे

आकारमान: अळी असताना मिळालेल्या अन्नाच्या प्रमाणावर प्रौढ माशीचे आकारमान अवलंबून असते. एकाच प्रजातीतील लहान व मोठ्या माश्यांमधील फरक कधी कधी दोन प्रजातींमधील फरकापेक्षा अधिक असतो. छायाचित्रात मोजपट्टी नसल्यास आकारमानाचा अंदाज आणखी बेभरवशाचा ठरतो.

झिजलेले केस व लेप: हंगामाच्या अखेरीस माश्यांचे केस गळतात आणि चूर्णासारखा लेप पुसला जातो. त्यामुळे मूळची राखी दिसणारी माशी काळी व चकचकीत दिसू लागते. द्रवात बुडवून ठेवलेल्या नमुन्यांतही हा लेप दिसेनासा होतो.

ताजेपणा: कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचे पाय व उदर फिकट असतात. प्रोमॅकससारख्या वंशात, जेथे पायांचा रंगच निर्णायक आहे, तेथे अशा माशीची ओळख विशेष काळजीपूर्वक करावी लागते.

प्रकाश: भर उन्हात काढलेल्या छायाचित्रात तांबूस पाय पिवळे व तपकिरी पाय तांबूस भासू शकतात. काळी मांडीदेखील चमक पडल्यास तपकिरी दिसते.

नर-मादीतील फरक: काही वंशांत नर व मादी यांचे उदर इतके भिन्न असते की त्या दोन प्रजाती वाटाव्यात. म्हणून ओळखीची सुरुवात माशी नर आहे की मादी हे ठरवण्यापासून केली जाते.

तपासणीची पद्धत

ओळखीसाठी सामान्यतः द्विपर्यायी किल्ली वापरली जाते. तीत प्रत्येक पायरीवर परस्परविरोधी दोन विधाने दिलेली असतात आणि त्यांतील योग्य विधान निवडत पुढे जायचे असते. प्रथम शिरा व शृंगिका यांवरून वंश निश्चित केला जातो. नंतर लिंग ठरवून पाय, मिशी व वक्षावरील केस तपासले जातात. अखेरीस, आवश्यक असल्यास, जननांग पाहिले जाते. किल्ली विशिष्ट प्रदेशासाठी तयार केलेली असते. दुसऱ्या प्रदेशातील माशीसाठी ती वापरल्यास उत्तर मिळते, परंतु ते चुकीचे असण्याची शक्यता मोठी असते.

जननांगाच्या तपासणीसाठी उदराचे टोक वेगळे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे स्नायू विरघळून कठीण भाग स्पष्ट होतात. नंतर ते ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली आकृत्यांशी ताडून पाहिले जातात. तपासलेले भाग लहान कुपीत घालून मूळ नमुन्याच्याच टाचणीला जोडले जातात, जेणेकरून पुढील अभ्यासकास निष्कर्षाची फेरतपासणी करता यावी.

अलीकडे मायटोकॉन्ड्रियातील एका जनुकाच्या ठराविक तुकड्याची तुलना करूनही प्रजाती ओळखल्या जातात. मात्र संदर्भसंग्रहातील नमुन्याचे नावच चुकले असल्यास ही पद्धतही तीच चूक पुढे नेते. त्यामुळे शारीरिक लक्षणांवरील ओळखीची गरज तिच्यामुळे संपत नाही.

छायाचित्रावरून ओळख करायची असल्यास एकाच माशीची पाठीवरून, बाजूने व समोरून अशी किमान तीन छायाचित्रे उपयुक्त ठरतात. बाजूच्या छायाचित्रात मांडी, नडगी व उदराचे टोक दिसणे आवश्यक असते. आवश्यक अवयव दिसत नसल्यास नोंद वंशापर्यंतच ठेवणे योग्य मानले जाते. 'प्रोमॅकस वंशातील माशी' ही नोंद अपुरी असली तरी खरी असते. चुकीच्या प्रजातिनामाची नोंद मात्र प्रसाराच्या नकाशात शिरते आणि पुढील नोंदी तिच्याच आधारे केल्या जातात.

भारतीय संदर्भ

असिलिडी कुलाच्या शेकडो प्रजाती भारतात आढळतात आणि प्रोमॅकस, ओमेटियस, लॅफ्रिया व लेप्टोगॅस्टर हे वंश येथेही आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने १९९८ मध्ये जोसेफ व परुई यांचा भारत व शेजारील देशांतील असिलिडींवरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यात कुलाची सर्वसाधारण ओळख व काही गटांचे वर्णन आहे. वंश समान असला तरी वर उल्लेखिलेली अमेरिकी प्रजातींची लक्षणे भारतीय माश्यांना लागू करता येत नाहीत. भारतात काळ्या मांडीची पट्टेदार प्रोमॅकस आढळल्यास ती रूफिपेस ठरत नाही, कारण ती प्रजाती उत्तर अमेरिकेतील आहे. पंखांतील तीन उपसीमा कक्षांसारखी वंशाची लक्षणे मात्र दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडतात.

महत्त्व

निकटच्या प्रजातींमधील फरक केवळ नावापुरता नसतो. प्रोमॅकस वंशातील काही माश्या मधमाश्यांची शिकार करतात. त्यांपैकी प्रोमॅकस फिची ही प्रजाती अमेरिकेत नेब्रास्काची मधमाशी-मारक या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. दुसरीकडे, याच वंशातील काही प्रजातींच्या अळ्या जमिनीत राहून हुमणी अळ्या खातात. हुमणी ही पिकांच्या मुळांची नासाडी करणारी कीड असल्याने या माश्या शेतीस उपकारकही ठरतात. कोणती प्रजाती कोठे व किती प्रमाणात आहे हे ठाऊक नसेल, तर तिला उपद्रवी मानावे की उपयुक्त, याचा निर्णय करता येत नाही.

संवर्धनाच्या दृष्टीनेही अचूक ओळख आवश्यक असते. दुर्मीळ प्रजातीची सामान्य प्रजातीशी गल्लत झाल्यास ती नाहीशी होत असल्याचे लक्षात येत नाही, आणि सामान्य प्रजातीची नोंद दुर्मीळ म्हणून झाल्यास ती सुरक्षित असल्याचा आभास निर्माण होतो. या दोन्ही चुका नोंदवहीत सारख्याच दिसतात. त्या दुरुस्त करण्यासाठी जपून ठेवलेला नमुना किंवा निर्णायक अवयव दाखवणारे छायाचित्र हाच आधार उरतो.